15 तबकड्या आणि 48 मिनिटं



आज एक मत मांडते. टीव्ही मालिकेच्या संगीताचा मोठा संच घरात असेल, तर त्यातून आपल्यापुरती एक छोटी यादी प्रत्येकीनं स्वतः करावी. मुलानं करून दिलेली नको, कंपनीनं निवडलेली नको आणि फोननं आपणहून पुढे केलेली तर मुळीच नको. ही यादी करायचा अधिकार घरातल्या इतर कुणाहीपेक्षा आपला जास्त आहे, असं मला वाटतं.

कारण साधं आहे. आपल्या पिढीच्या बायकांनी मालिका पाहिल्या कमी आणि ऐकल्या जास्त. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी अख्खी आळी टीव्हीसमोर बसायची. मामंजी खुर्चीत, पोरं सतरंजीवर, शेजारपाजारचे दारात. आणि आपण? ओट्यापाशी. एका डोळ्यानं दूध आणि दुसऱ्यानं तवा सांभाळताना पडद्याकडे बघायला तिसरा डोळा कुठून आणायचा? पण कान मोकळे होते. रवींद्र जैन यांचं संगीत सुरू झालं की पोळी लाटता लाटता कळायचं, आता कोण आलं, प्रसंग आनंदाचा आहे की कुणाचा निरोप आहे. असे 78 भाग झाले. त्यातले निम्मे मी भिंतीपलीकडून ऐकले असतील. बाहेरच्यांना चेहरे आठवतात, मला सूर आठवतात. म्हणून म्हणते, मालिकेच्या संगीताची पारख आपल्याला आहे. फक्त ती कुणी विचारली नाही.

आता ज्या संचावरून हे सगळं सुचलं तो सांगते. तो आपल्याकडचा नाही. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकेतली जुनी मालिका. 1966 ते 1969 या काळात तिचे तीन हंगाम आणि 79 भाग झाले. अवकाशयानातून नवनव्या ग्रहांवर जाणाऱ्या माणसांची ती गोष्ट. ऐंशीच्या दशकात दूरदर्शननंही ती दाखवली होती, त्यामुळे टोकदार कानांचा स्पॉक तुमच्यापैकी काहीजणींना आठवत असेल. 2012 मध्ये ला-ला लँड रेकॉर्ड्स या कंपनीनं त्या मालिकेचं संगीत 15 सीडींच्या संचात आणलं. मोजक्या 6,000 प्रती काढल्या. माझा मुलगा तेव्हा तिकडे नोकरीला होता. त्यानं एक संच घेतला आणि परत येताना सांगलीला आणला. दोन सूटकेस कपड्यांच्या आणि हातातल्या बॅगेत हा ठोकळा! सूनबाई अजून त्यावरून त्याला चिडवते.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. मला तो संच उघडल्या उघडल्या रोजकीर्द आठवली. रोजकीर्दीत दिवसभरातला प्रत्येक व्यवहार येतो, दहा पैशांचा असो की दहा हजारांचा. तिथे काही गाळायचं नसतं. पण धंदा कसा चाललाय हे शेठला सांगायला कुणी रोजकीर्द वाचून दाखवत नाही. खतावणी होते, तेरीज लागते, मग ताळेबंदाचं एक पान पुढे येतं. संच ही रोजकीर्द आहे. ती जपून ठेवायची. ऐकायला मात्र आपलं एक पान लागतं.

हे का लागतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पहिल्या तबकडीवरच कंटाळा येतो. मालिकेचं पार्श्वसंगीत हे गाण्यांसारखं नसतं. काही तुकडे चार-पाच मिनिटांचे असतात, तर काही दहा-पंधरा सेकंदांचे. दार उघडलं, संपला तुकडा. जाहिरातींआधी ताणून धरलेला एकच सूर, संपला तुकडा. शिवाय त्या काळी प्रत्येक भागाला नवं संगीत करणं परवडत नसे. काही भागांसाठी संगीतकाराला बोलावत आणि उरलेल्या भागांत तेच तुकडे कापून जोडत. त्यातही गंमत अशी, की वादकांच्या संघटनेच्या नियमांमुळे एका हंगामातलं ध्वनिमुद्रण पुढच्या हंगामात जसंच्या तसं वापरता येत नसे. मग तीच चाल वादकांना बसवून पुन्हा वाजवून घेत. वादकांच्या पोटापाण्याच्या दृष्टीनं हा नियम मला फार आवडला. पण त्यामुळे एकच धून थोड्याफार फरकानं पुन्हा पुन्हा समोर येते. अभ्यास करणाऱ्याला ते सोनं आहे. कामाच्या रगाड्यातून तासभर काढणाऱ्या बाईला त्यातून वाट काढावी लागते.

माझ्यापुरतं आणखी एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी कानांची तपासणी झाली. त्या आलेखात डावीकडे खालचे सूर असतात आणि उजवीकडे वरचे. माझी रेघ डावीकडे बरी आहे, उजवीकडे जिन्यासारखी उतरत गेली आहे. वयानं ऐकू कमी येतं ते असंच, आधी वरच्या पट्टीतलं जातं. भांड्यांचा खणखणाट ऐकू येतो, पण नातीच्या बारीक आवाजातलं अर्धं बोलणं निसटतं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही. त्या दिवसापासून ऐकण्याचा हिशेब मी वेगळ्या पद्धतीनं मांडू लागले. स्टार ट्रेकची शीर्षकधून अलेक्झांडर करेज यांची. तिच्यात लूली जीन नॉर्मन या गायिकेचा शब्दांशिवाय खूप उंच गेलेला आवाज आहे. तो आज मला ऐकू येतो. आणखी पाच वर्षांनी येईल का, कोण जाणे. सोळा-सतरा तासांचं संगीत ‘सवडीनं ऐकू’ म्हणून ठेवून द्यायला माझ्याकडे आता सवड आहे, पण कान थांबणार नाहीत. साठीच्या पुढच्या माझ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

तर यादी कशी करावी?

पहिलं म्हणजे एकदा सगळं ऐकावं. सगळं म्हणजे सगळं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, चालेल. जवळ वही-पेन्सिल हवी. तबकडीचा क्रमांक, तुकड्याचा क्रमांक आणि पुढे एक खूण, एवढंच लिहायचं. मी रोज एक तास या हिशेबानं अडीच आठवड्यांत संपवलं. ज्यानं संपूर्ण ऐकलं नाही त्याच्या निवडीला निवड म्हणता येत नाही. ती फक्त हाताला लागलेली वस्तू.

दुसरं, आधीच माप ठरवावं. माप नसलं की यादी फुगत जाते आणि शेवटी दुसरा संच तयार होतो. मी 48 मिनिटं धरली. आपल्याला ते माप ओळखीचं आहे. एका सामायिकाचा वेळ, एक मुहूर्त, दोन घटिका. सामायिकात मी संगीत ऐकत नाही, हे सांगायला नकोच. पण तेवढा वेळ एका जागी बसायची आपल्या शरीराला सवय आहे, म्हणून ते माप उपयोगी. सोळा तास धरले तर 960 मिनिटं होतात. त्यातली 48 म्हणजे शेकडा पाच. शंभरातले पंचाण्णव बाजूला ठेवायचे म्हटलं की खरी पारख सुरू होते.

तिसरं, एका धुनेला जास्तीत जास्त दोन जागा. एकदा ती पहिल्यांदा येते तशी आणि एकदा ती पुढे बदलून, मुरून येते तशी. लोणचं घातल्या दिवशीचं आणि वर्षानं काढलेलं, दोन्हींची चव घ्यावी. मधल्या बरण्या उघडत बसू नये.

चौथं, तुकडा स्वतःच्या पायावर उभा आहे का ते पाहावं. प्रसंग माहीत नसताना, पडद्याकडे पाठ करून, तो काही सांगतो का? इथेच आपला ओट्याजवळचा अनुभव कामाला येतो.

पाचवं, वहीत संगीतकाराचं नाव लिहावं. फोनमधल्या यादीत बहुतेक वेळा मालिकेचं नाव राहतं आणि माणसाचं हरवतं. या नावामागे काय काय असतं पाहा. करेज यांच्या शीर्षकधुनेला मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी नंतर शब्द लिहिले. ते मालिकेत कधी गायले गेले नाहीत. पण शब्द लिहिल्यामुळे धुनेच्या मानधनातला निम्मा वाटा त्यांच्याकडे गेला. करारात तशी सोय होती, कायद्यानं सगळं बरोबर. तरी ताळेबंद बरोबर असला म्हणजे वाटणी बरोबर झाली असं नसतं, हे एकत्र कुटुंबात नांदलेल्या कुठल्याही बाईला कळतं. म्हणून माझ्या वहीत शीर्षकधुनेपुढे करेज हे एकच नाव आहे.

आता माझ्या यादीवरून घरात जे रामायण झालं ते सांगते, कारण मतभेदाशिवाय मत कशाला मांडायचं?

या मालिकेत 1967 चा ‘अमोक टाइम’ नावाचा भाग आहे. त्यात स्पॉक आपल्या ग्रहावर परत जातो आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्याला स्वतःच्या मित्राशी, कप्तानाशी लढावं लागतं. जेराल्ड फ्रीड यांनी त्या लढाईला दिलेलं संगीत या सबंध मालिकेतलं सर्वांत गाजलेलं म्हणायला हरकत नाही. पुढच्या कितीतरी भागांत मारामारी आली की तेच वाजतं. मुलानं माझी यादी पाहिली आणि म्हणाला, “आई, ते गाळलंस? मग ही यादी कसली? गणपतीच्या आरासमध्ये गणपतीच नाही!”

मी म्हटलं, “बाबा, तुझी यादी तू कर.”

मी ते चार वेळा ऐकलं. काम चोख आहे, शंकाच नाही. पण ऐकताना माझ्या मुठी वळतात आणि नंतर बराच वेळ छातीत धडधड राहते. मारामारी पाहायला लोकांना उभं करणारं ते संगीत आहे. त्याच भागात फ्रीड यांनी स्पॉकसाठी बेस गिटारवर एक धून दिली आहे. स्पॉक हा भावना न दाखवणारा माणूस. त्याच्या आतली कालवाकालव त्या खोल, जाड तारेतून ऐकू येते. ती मी घेतली. माझ्या उतरत्या कानांनाही तो खालचा सूर शेवटपर्यंत साथ देईल. मुलगा म्हणतो, गाजलेलं ते उत्तम. माझं म्हणणं, गाजलेलं काय आहे हे सांगायला जगात पुष्कळ लोक आहेत. माझ्या यादीनं माझ्याबद्दल खरं सांगितलं पाहिजे.

जे घेतलं तेही सांगते. ‘शोअर लीव्ह’ या भागात फ्रीड यांचीच एक हळुवार धून आहे. कप्तानाला जुनी ओळखीची स्त्री अचानक दिसते, तेव्हाची. ‘द डूम्सडे मशीन’ या भागात ग्रहामागून ग्रह गिळत सुटलेलं एक यंत्र आहे आणि सॉल कॅप्लन यांचं संगीत त्याच्याबरोबर जड पावलांनी चालत राहतं. कितीही गिळलं तरी त्या यंत्राची भूक भागत नाही. परिग्रहावरची प्रवचनं मी खूप ऐकली आहेत, त्यात हेही एक धरते. आणि सगळ्यांत जास्त जागा दिली ती 1968 च्या ‘द एम्पथ’ या भागाला. त्यात बोलता न येणारी एक स्त्री आहे. दुसऱ्याच्या जखमेवर हात ठेवला की ती जखम तिच्या अंगावर उमटते आणि समोरचा बरा होतो. ती एक शब्द बोलत नाही. तिच्या वतीनं जॉर्ज डनिंग यांचं संगीत बोलतं. पडद्याकडे पाठ करून ऐकलं तरी ती दिसते. दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेऊन गप्प राहिलेल्या बायका आपण सगळ्यांनी जवळून पाहिल्या आहेत. यादीत ती नसती तर ती यादी माझी नसती.

आता दुसरा आक्षेप. तो आमच्या थोरल्या जाऊबाईंचा. त्या म्हणाल्या, “या वयात राग कमी करायचे की याद्या करून वाढवायचे?” त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. राग म्हणजे गाण्यातला राग, राग म्हणजे संताप आणि राग म्हणजे आसक्तीसुद्धा. वीतरागाच्या दर्शनाला जाणाऱ्या बाईनं हे तिन्ही अर्थ लक्षात ठेवायला हवेत.

पण आपल्या शास्त्रातच याचं उत्तर आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग वेगळे सांगितले आहेत. एकदा भोगून संपतं ते भोग, जसं जेवण. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र. गाणं पूर्वी गायलं की विरून जायचं, म्हणजे भोगासारखं होतं. ध्वनिमुद्रणानं त्याचं वस्त्र केलं. कपाटात ठेवा, हवं तेव्हा काढा. त्याच ग्रंथात कशाकशाची मर्यादा करावी याची यादी आहे. त्यात जेवण, वाहन, स्नान, फुलं, तांबूल, वस्त्र, दागिने यांच्या बरोबरीनं संगीत आणि गीत यांचीही नावं आहेत. आणि मर्यादा कशी घालावी? आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने, असं काळाचं माप धरून. जन्मभर सोडणं हा एक मार्ग झाला, ठरावीक काळापुरतं मोजून घेणं हाही सांगितलेलाच मार्ग आहे.

जाऊबाईंना मी एवढंच म्हटलं, की ज्याची मोजदाद नाही त्याची मर्यादा कशी घालणार? फोनवर एक गाणं संपलं की दुसरं आपोआप लागतं, दुसऱ्यामागून तिसरं. कुणी निवडलं, कधी थांबणार, आपल्याला पत्ता नसतो. खरी आसक्ती तिथे वाढते. माझ्या यादीला सुरुवात आहे आणि 48 व्या मिनिटाला शेवट आहे. शेवट झाला की मी यंत्र बंद करते. चातुर्मासात यादी निम्मी करते, 24 मिनिटं. जाऊबाई पूर्ण पटल्या असं नाही. पण परवा त्यांनीच विचारलं, “ती न बोलणारीचं लावतेस का गं?”

एक शंका आणखी काहीजणी काढतील. संपूर्ण संचातून असे तुकडे उचलणं म्हणजे कलाकाराच्या कामाची मोडतोड नाही का? नाही. धान्य निवडताना आपण खडा टाकून देतो, इथे काहीच टाकायचं नाही. 15 तबकड्या क्रमानं डब्यात आहेत, पुस्तिकेसकट. माझी यादी म्हणजे वहीचं एक पान. पुढेमागे नातीनं तो डबा उघडला तर तिला सगळं मिळेल आणि तिचं पान वेगळं असेल. आजीनं काय निवडलं हेही तिला त्या वहीत दिसेल. दागिन्यांची वाटणी काय, कुणीही वकील करून देईल. आजीला काय ऐकावंसं वाटायचं हे सांगणारा कागद किती घरांत सापडतो?

म्हणून यादी कायमची मानू नका. दिवाळीला वह्या बदलतात तेव्हा हिचीही तेरीज काढावी. नवं एक आत घ्यायचं तर जुनं एक बाहेर काढावं, माप तेच ठेवावं. गेल्या वर्षी मी एक तुकडा काढला, कारण त्यातले बारीक घंटांचे सूर मला आता ऐकूच येत नव्हते. नुसत्या आठवणीवर जागा अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्या जागी बेस गिटारचा दुसरा तुकडा आला. शीर्षकधून मात्र सगळ्यांत आधी ठेवली आहे, कान ताजे असतात तेव्हा.

तुमच्याकडे स्टार ट्रेक नसेल. कुणाकडे भजनांचा संच असेल, कुणाच्या मुलानं सगळ्या जुन्या मालिकांचं संगीत पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं असेल, “आई, यात सगळं आहे” म्हणून. सगळं आहे हे खरं. त्यातलं तुमचं किती, हे फक्त तुम्हाला सांगता येईल. या आठवड्यात एक वही घ्या, वर तारीख घाला आणि ऐकायला बसा. पोळ्या नंतर होतील.

जय जिनेंद्र.